आखूडच्या मानेची मापं

३ फेब्रुवारी

छोटीस,

चार वर्षं पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. पहिल्यांदा पुढे 'कामामुळे जमलं नाही' असं जोडलं होतं, ते खोटं होतं. दुसऱ्यांदा 'तूही लिहिलं नाहीस' असं जोडलं, ते खरं होतं पण माफीच्या वाक्यात बसेना. तेव्हा वर आहे तेवढंच राहू दे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. पोस्टमन निदान दारातून आत तरी टाकतो.

काम आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला तुझ्याकडच्या आखूडच्या मानेची मापं हवी आहेत. तुझ्याकडे आहे तो पहिला, अण्णांनी तू सोळा वर्षांची असताना तुझ्या हातासाठी केलेला. मानेची पाठ पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यापाशी किती जाड आहे, आणि तिथे तिचा बाक कसा आहे. बाक घ्यायची रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते: तारा सैल करायच्या, कल्हईची मऊ तार मानेभोवती दाबायची, अलगद काढून कागदावर ठेवायची आणि पेन्सिलीने कड गिरवायची. चार पडदे, चार आकृत्या. अर्ध्या तासाचं काम.

कशासाठी ते सांगते. एका शाळेच्या संगीत विभागाने बेस गिटारच्या वर्गासाठी सहा आखूड मागितले आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत, लांब मॉडेलवर त्यांची बोटं पोचत नाहीत. मान तपासायच्या प्लायवूडच्या पट्ट्या होत्या ना, दारामागे खिळ्याला दोऱ्यात ओवलेल्या, त्या सापडत नाहीत. अण्णांनी अंदाजाने दोन माना घासल्या आणि दोन्ही तुकड्यांच्या पेटीत टाकल्या. काल म्हणाले, "मान जमली नाही तर आखूड बंद. शाळेला नाही म्हणून कळव, आणि नव्या कॅटलॉगमधून ते पान काढ."

कॅटलॉग मार्चअखेर छापायचं आहे. आपली चार मॉडेलं आहेत, लांब, आखूड, पाचतारी आणि पोकळ. ती तीन होऊ नयेत असं मला वाटतं. तुलाही वाटत असेल, असं धरून चालते.

विकलेल्या एकोणिसांपैकी कोणाकडून मापं घ्यावीत म्हणशील. प्रयत्न केला. दोघांनी माना आपापल्या सोयीने घासून घेतल्यात, एकाने 'मी आता शेती करतो' म्हणून फोन ठेवला. बाकीच्यांचे पत्ते जुने आहेत.

उत्तर या पत्त्यावरच पाठव.

वहिनी


१२ फेब्रुवारी

छोटीस,

नऊ दिवस झाले. तुझ्या गावाला पत्र तीन दिवसांत पोचतं, पोस्टात विचारून आले. म्हणजे पाच-सहा दिवस ते तुझ्या टेबलावर पडलं आहे, किंवा टेबलाखालच्या टोपलीत.

तू मनात आणलंस तर चार आकृत्या काढायला तुला अर्धा तास लागतो. मनात न आणायला किती वर्षं लागतात ते मला माहीत नाही. मी तुला बीजगणित शिकवलंय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि गृहपाठाची वही फ्रिजवर लपवायचीस. तेव्हाही अशीच. उत्तर येत असायचं, पण द्यायचं नाही.

हे लिहिणं बरोबर नाही, कळतंय. खोडत नाही, कारण खोडलेलं तुला दिसेलच.

दुसरं. मागच्या पत्राची नक्कल माझ्या डायरीत आहे. ती काल वाचली. त्यात मी लिहिलं आहे, 'पट्ट्या सापडत नाहीत.' त्याच डायरीत डिसेंबरमधलं पान काढलं. तिथे माझ्याच अक्षरात आहे: 'मागची खोली साफ केली. सहा पेट्या लेबल लावून फळीवर. एक पेटी आणि दारामागची लोंबती लाकडं भंगारवाल्याला.'

दारामागची लोंबती लाकडं. म्हणजे पट्ट्या सापडत नाहीत असं नाही, मी त्या टाकल्या. मला माहीत नव्हतं त्या काय आहेत. एकीवरही काही लिहिलेलं नव्हतं. लांबच्या पट्ट्यांवर 'लांब' आहे, पाचतारीच्या पट्ट्यांवर 'पाच' आहे. तुझ्या पट्ट्यांवर कोणी लिहिलं नाही, कारण तुला आणि अण्णांना लिहायची गरज वाटली नाही. तुम्हा दोघांना कधीच कशावर काही लिहायची गरज वाटत नसे. मग साफसफाई करणाऱ्याने काय करायचं?

पॉलिशवाला तेव्हा तिथेच होता. वीस वर्षं या कारखान्यात आहे, प्रत्येक लाकूड ओळखतो. परवा त्याला विचारलं, "तुम्ही बघत होतात ना? मग मला अडवलं का नाही?"

तो ब्रश धूत म्हणाला, "वहिनी, तुम्ही लेबलं लावत होतात."

"मग?"

"लेबलं लावताना तुम्हाला मध्ये बोललेलं चालत नाही. मागे एकदा बोललो होतो, तर माझ्याच डब्याला लेबल लावलंत."

डब्याला लावलं होतं, हे खरं आहे.

तुझ्या दादाला म्हटलं, तू तरी तिला फोन कर. तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "तुमच्या दोघींचं तुम्ही बघा. मी दोन्हीकडचा आहे." दोन्हीकडचा म्हणजे कुठलाच नाही, असं मी म्हणाले. त्याने पान उलटलं.

अण्णा पंचाहत्तरीला आलेत. हात अजून थरथरत नाही. पण ते जे म्हणतात ते मला आधी कळलं नाही. तिसरी मान घासायला घेतली आणि अर्ध्यातच खाली ठेवली. म्हणाले, "ही मान तिने डाव्या हाताने घासली होती. पोरीचा हात जिथे जड पडला तिथे लाकूड कमी झालं, जिथे हलका तिथे उरलं. चूकच होती ती. पण हातात अशी बसली की मी तीच ठेवली. आता माझा उजवा हात तिची चूक करू शकत नाही."

ती मान मुळात चूक होती, हे मी आत्ताच ऐकलं. कारखान्याच्या ऑफिसात बारा वर्षं बसते आहे.

तर पट्ट्या मी टाकल्या. आता मापं पाठव.

वहिनी


२० फेब्रुवारी

छोटीस,

आज शाळेच्या संगीतबाई आल्या होत्या. सोबत एक मुलगी, हातांची मापं द्यायला आणलेली. अण्णांनी तिचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवला. मग संगीतबाईंनी विचारलं, "होईल ना? पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत नक्की सांगा, नाहीतर मला दुसरीकडचे बाजारी घ्यावे लागतील." अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मीच ना कळवाकळवी करणारी.

मी म्हणाले, "मापं आली आहेत."

कुठून, असं अण्णांनी विचारलं नाही. म्हणाले, "तिने पाठवली?"

मी हो म्हणाले.

छोटी, मी खोटं बोलत नाही. तू मला नाकाने कांदे सोलणारी म्हणायचीस, आणि ते तसं खरं आहे. किराणावाल्याने एक पुडा जास्त दिला तर मी परत करायला जाते. पण त्या मुलीचा हात अजून अण्णांच्या हातावर होता. ते असं बघत होते की जणू मापं आली नसतील तर ते माझ्यामुळे. आणि ते माझ्यामुळेच होतं. तोंडातून निघून गेलं.

मग मापं कुठून आणायची? बोलून बसल्यावर हा विचार आला. संध्याकाळी ऑफिसात बसून एका कोऱ्या कागदावर, तुझ्यासारखं तिरपं अक्षर काढत, चार आकडे लिहिले. कॅटलॉगमधून घेतले. आखूडच्या पानावर मानेची जाडी दिलेली आहे, स्वतः अण्णांनी सांगितलेली, मी दोनदा तपासून छापलेली. वाटलं, आकडे तर तेच असणार. कागद तुझा नाही एवढंच. पट्टी टाकण्यात जे गेलं ते आकड्यांतून परत आणते आहे, असं स्वतःला सांगितलं. ते तितकं वाईट वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं आहे.

कागद त्यांना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "बरं."

त्यांना जर तू काही कळवलंस तर मी तोंडघशी पडेन. म्हणून हे तुला सांगून ठेवते आहे. किंवा म्हणून नव्हे. मला सांगायला दुसरं कोणी नाही, आणि तू उत्तर देत नाहीस, म्हणजे तुला सांगणं भिंतीला सांगण्यासारखं सोपं आहे.

वहिनी


१ मार्च

छोटीस,

मला तुम्हा सगळ्यांचा इतका वैताग आला आहे की सुरुवात कुठून करू ते कळत नाही. क्रमाने लिहिते.

कागद दिल्यावर अण्णांनी दुसऱ्या दिवशी मेपलच्या लाकडाचा चांगला तुकडा काढला. सगळ्यात चांगला, पोकळसाठी राखलेला. मला बरं वाटलं. सहा दिवस ते त्या मानेवर काम करत होते. आधी मोठ्या रंध्याने, मग दोन मुठींच्या छोट्या रंध्याने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून, मग तीन नंबरांचे पॉलिश पेपर. प्रत्येक वेळी माझा कागद समोर ठेवून, कॅलिपर लावून जाडी मोजत. पडदे ठोकले, तारांखालची हाडाची पट्टी बसवली, पॉलिशवाल्याकडून तेलाचे दोन हात घेतले. काल दुपारी ती मान एका रिकाम्या धडाला चार स्क्रूंनी जोडली आणि ऑफिसात घेऊन आले. मी शाळेला पत्र लिहीत होते की काम जमलं आहे.

"धर," म्हणाले.

"मी?"

"तूच. खुर्चीत सरळ बस. धड मांडीवर. डावा हात मानेखाली."

छोटी, मी हे कधी केलं नव्हतं. बारा वर्षांत कधी नाही. धूळ पुसली असेल, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं असेल. 'तळव्यात अलगद विसावणारी मान' हे पान दोनवरचं वाक्य माझं आहे. कशावरून लिहिलं होतं, मला आठवत नाही.

"कशी आहे?"

"छान आहे."

"छान?" अण्णा म्हणाले. "हा झाडूचा दांडा आहे. बाजारात मिळतो तसा. दोन्हीकडून सारखा."

मी म्हणाले, "मापं तर बरोबर आहेत. आकड्याला आकडा जुळवलात तुम्ही."

"जुळवलाच. कॅटलॉगमधले आहेत." त्यांनी खिशातून माझा कागद काढला. "कॅटलॉगमध्ये मी खरी मापं देत नाही. कधीच दिली नाहीत, चारही मॉडेलांची. नक्कल करणारे पुष्कळ असतात. त्यांनी कॅटलॉग बघून मान केली की असा दांडा होतो, मग गिऱ्हाईक परत इथे येतं. ते आकडे मी चोरांसाठी ठेवलेत. घरात चोर निघेल असं वाटलं नव्हतं."

मला आधी कशाचा राग आला माहीत आहे? चोर म्हणाले त्याचा नाही. बारा वर्षं, बारा कॅटलॉगं, प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला. एकदा एका दशांशासाठी अख्खं पान पुन्हा छापायला लावलं. आणि सगळे आकडे खोटे! मी तसं म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले.

"तुला सांगितलं असतं तर तू खरे छापले असतेस," अण्णा म्हणाले. "तुला खोटं जमत नाही." मग कागदाकडे बघून, "निदान मला तसं वाटायचं."

"मग सहा दिवस कशाला घालवलेत? पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!"

"सांगून तुला कळलं असतं? दांडा हातात धरल्याशिवाय?"

मी विचारलं, पहिल्याच दिवशी ओळखलंत तर. ते म्हणाले, "कागद वाचायच्या आधीच. तिने काही पाठवलेलं नाही. रविवारी बोलणं झालं आमचं."

रविवारी.

दर रविवारी! मी बाजारात जाते तेव्हा! चार वर्षं! तुझ्या घराचा नवा रंग, तुझी ती गुडघेदुखी, तुझे दोन नवे विद्यार्थी, सगळं अण्णांना माहीत आहे. तुझ्या दादाला माहीत आहे. पॉलिशवाल्यालासुद्धा माहीत आहे, त्याने तुला गुडघ्यासाठी तेल पाठवलंय. तुझ्या दादाला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तुला माहीत आहे. तू मुद्दाम त्या वेळी बाहेर जातेस असं वाटलं."

अण्णांना म्हणाले, मग तुम्हीच का नाही मागितलीत मापं? एक फोन! तुमची मुलगी!

"पट्ट्या टाकल्या कोणी?" अण्णा म्हणाले. "मग मापं मागायची कोणी? तू ती मागितलीस हेही मला माहीत आहे. ती देत नाही, तो तुमचा प्रश्न. मी मध्ये पडलो तर मापं मिळतील, पण ती या दारात पाय ठेवणार नाही आणि तू तिचं नाव काढणार नाहीस. आखूड घेऊन मी काय करू मग?"

"मला कोणी सांगितलं का नाही, की तुम्ही बोलता?"

त्यांनी झाडूच्या दांड्याच्या खुंट्या एकेक करून फिरवल्या. मग म्हणाले, "चार वर्षांत तू एकदा तरी विचारलंस, की ती कशी आहे?"

डायरी पाहिली. विचारलेलं नाही. 'छोटीचा विषय निघाला, मी उठून गेले' असं सात ठिकाणी आहे.

शाळेचं पत्र फाडलं. दहा तारखेला नऊ दिवस उरले.

माझी पत्रं तू फोनवर अण्णांना वाचून दाखवतेस का? दाखवत असशील तर आत्ताचं हेही वाचून दाखव, मला काही फरक पडत नाही. पडतो. दाखवू नकोस.

वहिनी


७ मार्च

छोटीस,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनंतर दोन ओळी. आधी मला वाटलं मागे आणखी काही असेल, उलटून पाहिलं. मागे माझा पत्ता होता.

'चारही आकृत्या काढून तयार आहेत. पान दोनवरची ओळ कोणी काढली ते अण्णांना सांग, मग पाठवीन.'

याला खंडणी म्हणतात. सहा मुलींच्या बोटांवर तू तुझा हिशेब चुकता करते आहेस असं मी दिवसभर म्हणत होते, भांडी घासताना, मोठ्याने. तुझा दादा दोनदा स्वयंपाकघरात डोकावला आणि परत गेला. दोन्हीकडचा ना तो.

मग दुपारी ते कॅटलॉग काढलं, चार वर्षांपूर्वीचं, आखूडला पहिल्यांदा स्वतःचं पान मिळालं ते. तुला मी तेव्हा फोनवर म्हणाले होते, 'जागा नव्हती. छापखान्याने शेवटच्या क्षणी तुझी ओळ गाळली.' तू फोन ठेवलास. आठवड्याने सामान नेलंस. मी आज पट्टी लावून मोजलं. आखूडच्या पानाच्या तळाशी साडेतीन ओळींची कोरी जागा आहे. जागा होती. तू ते तेव्हाच पाहिलं असणार, तुझ्या डोळ्यांना पट्टी लागत नाही.

ओळ छापखान्याने गाळली नाही. कच्च्या छापावर मी पेन्सिलीने काढली. खूण केली, बाजूला 'वगळा' लिहिलं, सही केली. त्या छापाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे, कारण मी सगळं जपून ठेवते, तुमच्या पट्ट्या सोडून.

का, ते लिहायचा प्रयत्न करते. सकाळपासून तीन कारणं सुचली, तिन्ही चांगली होती, म्हणून तिन्हींवर विश्वास बसला नाही. कॅटलॉगमध्ये व्यक्तीचं कौतुक नसावं. बाकी तीन मॉडेलांच्या पानांवर तशी ओळ नाही. वाक्य लांब होतं. खरं असं आहे. त्या कॅटलॉगचा प्रत्येक शब्द मी लिहिते. अण्णांनी आजवर एकही वाक्य सुचवलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, 'तुला ठीक वाटेल ते लिही.' त्या वर्षी एका सकाळी ऑफिसात आले, उभ्या उभ्या म्हणाले, "लिहून घे. या मॉडेलची मान माझ्या मुलीने डाव्या हाताने घडवली, तशी मला जमत नाही." आणि गेले. बारा वर्षांत त्यांनी सांगितलेलं हे एकच वाक्य, आणि ते तुझ्याबद्दल. त्यांना काही जमत नाही हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही तुझ्यासाठी. मी ते शुद्ध अक्षरात लिहून घेतलं. आठवडाभर रोज वाचलं. मग काढलं.

तुला त्रास द्यावा असं मनात नव्हतं, असं लिहिणार होते. होतं. थोडं होतं. तू इतकी रागावशील असं मात्र वाटलं नव्हतं. आणि तू गेल्यावर परत आणायला उठले नाही, हे डायरीत कुठेच नाही, कारण न केलेलं मी लिहीत नाही.

आता तुझ्याबद्दल एक गोष्ट, जी माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली, आणि यावरून माझ्या डोक्याची धाव कळेल. अण्णांना अजून वाटतं की ओळ छापखान्याने गाळली. त्या छापखान्यावर ते डूख धरून आहेत. वीस वर्षांचा संबंध तोडला, कॅटलॉग दुसरीकडे नेलं. जुना छापखानेवाला रस्त्यात भेटला तर ते पलीकडच्या बाजूने जातात. तो बिचारा मला एकदा म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे तुमच्या सहीचा कागद आहे, अण्णांना दाखवू का?" मी म्हणाले, नको, त्यांना त्रास होईल. त्याने दाखवला नाही. आणि तू. दर रविवारी त्यांच्याशी बोलत होतीस. दोनशे रविवार होतात. एकदाही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मला कळलंच असतं, अण्णांच्या पोटात माझ्यावरचा राग राहत नाही, सहा दिवसांपेक्षा जास्त तरी नाही.

म्हणजे तू मला झाकून घेतलंस, आणि वर माझ्याशी बोलायचं बंद केलंस. हे काय वागणं आहे? यापेक्षा सांगून टाकलं असतंस तर मी निदान तुझ्यावर रागावू शकले असते.

मला आज दिवसभर अर्धीमुर्धी वाक्यं सुचत होती. अण्णा, ती ओळ राहून गेली. अण्णा, त्यात माझीही थोडी चूक. म्हटलं अशी सांगावी की आकृत्याही याव्यात आणि फार काही मोडूही नये. मग संध्याकाळी कारखान्यात गेले. अण्णा त्या झाडूच्या दांड्याचे पडदे एकेक करून उपटत होते, मेपल वाया जाऊ नये म्हणून. मला बघून म्हणाले, "शाळेला काय कळवायचं ते ठरव. तीन दिवस आहेत." त्यांनी मला ठरवायला सांगितलं. आखूड राहणार की नाही, हे. मी म्हणाले, उद्या सांगते.

त्यांना ते छापखान्याचंही कळायला हवं. नुसती तुझी खंडणी भरून भागणार नाही.

ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. चोर तर म्हणून झालंय. कदाचित ते काहीच बोलणार नाहीत, आणि मग मी त्या घरात रोज चहा कसा करायचा हे मला ठरवावं लागेल. तुला हे सगळं लिहिणं सोपं गेलं. तू लांब आहेस, आणि तुला आधीच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे त्याला कबुली देणं म्हणजे कबुली नव्हे, हे मला कळतं. म्हणून हे पत्र आज टाकत नाही. तारा जुळवायच्या आधी अण्णा सकाळी अर्धा तास बाकावर नुसते बसतात, तेव्हा कोणी मध्ये बोललेलं त्यांना चालतं.

तुझा गुडघा कसा आहे?

वहिनी

उद्या: हे पत्र पाकिटात घालण्याआधी अण्णांसमोर उभं राहून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणे.